जानवसा

लग्न जमविणें अवघड, ही गोष्ट सर्वमान्य आहे. परंतु एकदां तें जमलें, याद्या झाल्या, मुहूर्त धरला, म्हणजे पुढें जें काम घरांतील एखाद्या मधल्या भावाच्या गळ्यांत येऊन पडतें, त्याच्या अवघडपणाकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. हें काम म्हणजे परगांवच्या मंडळींस उतरवून घेण्याचें. स्वयंपाकाची काळजी आचारी वाहतो, विधीची उपाध्ये वाहतात, साड्यांची व दागिन्यांची घरांतील स्त्रिया वाहतात आणि तींत पुरुषांनीं न पडणेंच शहाणपणाचें. पण कोणी कोणत्या खोलींत, कोणाच्या शेजारीं आणि किती रात्री निजावयाचें, हें ठरविणारा माणूस एकटाच असतो. त्याचें काम चांगलें झालें तर तें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. बिघडलें तर मात्र तीन-तीन पिढ्या तें विसरत नाहींत. आमच्या घरीं २०२५ सालच्या मार्गशीर्षांत थोरल्या बंधूंच्या मुलीचें लग्न झालें, तेव्हां हें काम आमच्याकडे होतें. आणि तीन पिढ्यांची गोष्ट आम्हीं केवळ बोलण्याच्या भरांत लिहिलेली नाहीं, हें पुढें वाचकांस कळेलच.

आमच्या जुन्या लोकांनीं या सोयीस एक स्वतंत्र शब्दच ठेवला होता. वरपक्षाच्या मंडळींस उतरावयास दिलेल्या घरास ते जानवसा म्हणत. कोणी जानोसा म्हणे. गुजराथींत आजही वऱ्हाडाला 'जान' म्हणतात, हें आठवलें म्हणजे या शब्दाशीं चांगली ओळख पटते. लग्नांतील किती तरी विधी या एका घराभोंवतीं फिरत. वर गांवच्या शिवेवर आला म्हणजे त्याची पूजा, तें सीमांतपूजन. तेथून तो जावयाचा तो जानवशास. मुहूर्ताच्या आधीं त्याला बोलावण्यास मूळ जावयाचें तें जानवशास. रुखवत म्हणून आज आपण भिंतीलगत टेबलें मांडून जीं साखरेचीं तुळशीवृंदावनें आणि मोत्यांची आगगाडी पाहतों, तें मूळचें वराकडे त्याच्या उतरण्याच्या जागीं पाठवावयाचें खाणें. घर गेलें आणि विधी राहिले. आतां सीमांतपूजन मंगल कार्यालयाच्या पंख्याखालीं होतें, आणि वराला आणावयास निघालेलें मूळ दुसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर, तेंही लिफ्टनें, येऊन पोहोंचतें.

जानवसा देणें हा वधूपक्षाचा मान होता आणि त्याच्या उरावरचें ओझेंही होतें. गांवोगांवीं उन्हाळ्याच्या सुटींत शाळेच्या खोल्या त्यासाठीं मिळत. शहरांतून शेजारचे वाडे मिळत. शेजाऱ्यांकडून आणलेल्या गाद्या-उशांवर रंगीत दोऱ्याची खूण करून ठेवावयाची, म्हणजे परत करतांना अमक्यांचा तक्क्या तमक्यांच्या घरीं जात नसे. न्हाणीघरापाशीं तांब्याचा बंब पहांटे चारपासून धडधडूं लागे. आणि विहीणबाईंच्या स्नानास पाणी कोमट मिळालें एवढ्या कारणावरून पंगती खोळंबल्याच्या कथा ज्या घरांत नाहींत, असें घर आम्हांस अद्यापि भेटावयाचें आहे. हें सर्व सुखाचें होतें, असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. जुन्या जानवशाची आठवण गोड वाटते ती बहुधा त्यांत निजलेल्या पुरुषांना. पाणी तापविणाऱ्यांना विचारलें असतां वेगळें उत्तर मिळण्याचा संभव आहे.

आमच्या स्वतःच्या घराची स्थिति सांगावयाची तर, आमचा वाडा पुण्याच्या जुन्या पेठेंत होता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठची वस्ती वाहून गेली, त्यांतून तो वांचला. १९९४ सालीं बांधकामवाल्याच्या हातून मात्र वांचला नाहीं. त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतींत आम्हां तिघां भावांचीं तीन बिऱ्हाडें तीन मजल्यांवर आहेत. सणावारीं चूल एक, हिशोब एक, भांडणेंही एकत्रच. परंतु पन्नास माणसें पालथीं-उताणीं निजवील अशी पडवी आतां कोणत्याच मजल्यावर नाहीं. तीन दिवाणखाने मिळून अठरा गाद्या पडतात. हें आम्ही मोजून सांगत आहों.

त्यांत मुहूर्ताची गर्दी. चातुर्मासांत लग्नें नाहींत. तुळशीचें लग्न लागलें कीं सारे एकदम जागे होतात. पुढें पौष बहुतेकांना नको असतो. त्या वर्षीं शुक्राचा अस्त डिसेंबरांतच लागावयाचा होता, तेव्हां अस्तापूर्वींच्या मोजक्या दिवसांवर साऱ्या शहराची उडी पडली. ज्या दिवशीं आपल्या घरीं लग्न, त्या दिवशीं शेजारींही लग्न आणि समोरही लग्न. मग शेजाऱ्याकडे गादी कोणत्या तोंडानें मागावी? शिवाय पूर्वी आगगाडीचें आरक्षण एकशेंवीस दिवस आधीं करतां येत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत साठ दिवसांवर आली आहे. म्हणजे हॉटेलच्या खोल्या चार महिने आधीं धरावयाच्या, आणि त्यांत उतरणारीं माणसें खरोखर येणार कीं नाहीं हें दोन महिने आधीं कळावयाचें. मधले दोन महिने ज्यानें आगाऊ रक्कम भरली आहे त्यानें देवाचें नांव घ्यावें.

या कामांत आम्हांस एक गोष्ट पहिल्याच आठवड्यांत उमजली. माणसें मोजून उपयोग नाहीं. रात्री मोजाव्या लागतात. आमच्या यादींत परगांवचीं एकशें चार माणसें होतीं. त्यांतील बावीस मुहूर्ताच्या सकाळीं येऊन सायंकाळीं परत जाणारीं. अठ्ठावन्न एका रात्रीचीं, सतरा दोन रात्रींचीं. राहिलीं सात, तीं आठ आठ रात्रींचीं. कारण त्यांतील चार अमेरिकेहून आलेलीं आणि तीन इतकीं वृद्ध, कीं त्यांना प्रवासाचा शीण उतरावयासच तीन दिवस लागावेत. आतां गुणाकार करून पाहावा. एका रात्रीच्या अठ्ठावन्न माणसांच्या रात्री अठ्ठावन्न. आठ रात्रींच्या सात माणसांच्या छप्पन्न! सात माणसें एका बाजूस आणि जवळजवळ सारें वऱ्हाड दुसऱ्या बाजूस बसविलें तरी तराजू सारखाच राहतो. ज्यांना हें काम करावयाचें असेल त्यांनीं आधीं या सातांची सोय घरांत लावावी आणि मग हॉटेलाकडे वळावें. आमच्या सात जणांनीं तीन बिऱ्हाडांतील आंतल्या खोल्या व्यापल्या, आणि घरचीं मुलें हसतमुखानें दिवाणखान्यांत निजलीं. हसतमुखानें हें विशेषण पहिल्या चार दिवसांपुरतें समजावें.

हॉटेलच्या खोलींत दोन माणसें राहतात, हा हॉटेलवाल्यांचा समज. आमच्या इंदूरच्या तीन जावा एकाच खोलींत राहावयाच्या, तिसरी खालीं गादी घालून. त्यांना दोन खोल्या दिल्या असत्या तर दुसरी रिकामीच राहिली असती. बडोद्याचे काका घोरतात, हें सर्वांस ठाऊक. तें ठाऊक आहे हें काकांना ठाऊक नाहीं. तेव्हां त्यांना एकटी खोली 'मानाची' म्हणून द्यावी लागली. कोणाला गुडघ्यांमुळें कमोड हवा, कोणाला तो मुळींच नको. कोणाचें इन्सुलिन थंड जागीं ठेवावयाचें, म्हणून त्या खोलींत शीतपेटी आहे कीं नाहीं तें पाहावयाचें. परदेशी पारपत्रावर आलेल्या पाहुण्याची माहिती उतरवून घेणाऱ्यानें चोवीस तासांच्या आंत सरकारास कळवावी लागते, म्हणून अमेरिकेच्या मंडळींचे कागद वेगळे काढून ठेवावयाचे. आणि सर्वांत मोठी अडचण चहाची. हॉटेलांत न्याहारी साडेसातला सुरू होते. आमच्या पिढीचा ब्राह्मण साडेपांचला उठून चहाच्या वाटेकडे डोळे लावून बसतो. आमच्या धाकट्या बंधूंनीं थर्मासचे आठ मोठे नळकांडे भरून पहांटे मोटारीनें पोहोंचविले. त्या लग्नांत ज्या एका गोष्टीची आजतागायत स्तुति होते, ती हीच.

दुसरा पेंच वेळेचा. खोली सोडावयाची दुपारीं बाराला, आणि मुहूर्त बारा वाजून सतरा मिनिटांचा. म्हणजे ज्या घटकेस माणसांनीं अक्षता घेऊन उभें राहावयाचें, नेमकें त्या घटकेस त्यांनीं ट्रंका बांधून हॉटेलच्या हिशोबनिसासमोर उभें राहावें, अशी ही योजना! आम्हीं कार्यालयांतील एक खोली केवळ सामानासाठीं राखून ठेवली, सकाळीं आठ ते दहाच्या दरम्यान सारें सामान तींत आणविलें, आणि प्रत्येक डागावर नांवाची चिठ्ठी लावून दारांत एक विश्वासू भाचा बसविला. त्याला मंगलाष्टकें आंतून ऐकावीं लागलीं. त्याच्या स्वतःच्या लग्नांत आम्ही त्याची भरपाई करणार आहों.

वरपक्ष नागपूरचा. तेथील व्याह्यांनीं याद्यांच्या दुसऱ्याच दिवशीं फोन करून सांगितलें, "आमच्या मंडळींची सोय आमची आम्ही करूं. तुम्ही फक्त जागा सुचवा." आमच्या दादांना तें रुचलें नाहीं. जानवसा आपण द्यावयाचा, ही त्यांची लहानपणापासूनची समजूत. चार दिवस बोलणें होऊन अखेर ठरलें तें असें, कीं खोल्यांचे पैसे ज्यांचे त्यांनीं द्यावेत. चहा, गाड्या आणि आजारपण हें आमच्याकडे. हा ठराव आम्हांस फार सुज्ञपणाचा वाटतो. मुलीकडच्यांनींच सर्व कांहीं सोसावयाचें, या चालीचा जेवढा भाग आपोआप गळून पडेल तेवढा बरा.

पण दादांशीं आमचा खरा मतभेद झाला तो दुसऱ्याच मुद्द्यावर. त्यांचें म्हणणें, मोठ्या हॉटेलांत नागपूरची व परदेशची मंडळी ठेवावीत, आणि आपलीं कोंकणचीं माणसें कार्यालयांतल्याच वरच्या दोन खोल्यांतून गाद्या घालून निजवावीत. "आपलींच तीं, कांहीं म्हणावयाचीं नाहींत," असें ते म्हणाले. आम्ही म्हणालों, "दादा, तीं कांहीं म्हणणार नाहींत, हेंच त्यांना तेथें न ठेवण्याचें कारण." नातलगांमध्यें जो तक्रार करतो त्याची सोय चांगली लागते, आणि जो करीत नाहीं त्याच्या वाट्यास जिन्याखालची जागा येते, हा व्यवहार आम्हीं इतक्या लग्नांतून पाहिला आहे, कीं निदान आपल्या हातीं कागद-पेन्सिल असतांना तो चालूं द्यावयाचा नाहीं असें आम्हीं ठरवूनच ठेवलें होतें. मोठें हॉटेल सोडून देऊन मध्यमसें एक घेतलें आणि दोन्ही पक्षांचीं माणसें त्यांतच उतरविलीं. खर्च जवळपास तेवढाच आला. दादा दोन दिवस बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं स्वतःच जाऊन खोल्यांतले नळ तपासून आले.

आतां त्या तीन पिढ्यांच्या गोष्टीकडे येतों.

आमची धाकटी आत्या राजापुराकडे राहते. तिचें वय आज ऐंशीच्या घरांत आहे. सबंध आयुष्य तिनें गांवच्या शाळेंत शिकविण्यांत घालविलें; हात मोकळा, जीभ तिखट, हिशोब चोख. ती आमच्या घरच्या प्रत्येक लग्नास येते, परंतु मुहूर्ताच्या सकाळीं येते आणि जेवण झालें कीं निघते. एक रात्रही राहत नाहीं. पूर्वी ती शाळेचें कारण सांगे, मग गोठ्यांतल्या गाईचें, अलीकडे गुडघ्यांचें. पुढें १९९८ सालीं कोंकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली, येणें-जाणें सोपें झालें. तरी तिचा नेम बदलला नाहीं. घरांत सर्वांनीं तो तिचा स्वभाव म्हणून मानला होता. खरें कारण आमच्या आईनें तिच्या शेवटच्या आजारांत आम्हांस सांगितलें.

१९६८ सालीं वाड्यांत आमच्या धाकट्या काकांचें लग्न झालें. आम्ही तेव्हां पांच वर्षांचे होतों. आम्हांस त्यांतले बुंदीचे लाडू तेवढे आठवतात. आत्या बावीस वर्षांची होती आणि आदल्याच वर्षीं तिचे यजमान गेले होते. ती लग्नाआधीं आठ दिवस येऊन राबली. मंडळींच्या निजण्याची व्यवस्था लागली तेव्हां तिचें अंथरूण माजघरांत, बहिणींच्या ओळींत पडलें होतें. आदल्या रात्रीं घरांतल्या कोणी वडीलधाऱ्या बाईंनीं काढलें, कीं पहांटे तिकडच्या बायका माजघरांतूनच जावयाच्या, त्यांच्या दृष्टीस पहिल्याप्रथम ही पडावयास नको. कोणी रागें भरलें नाहीं, कोणी वावगा शब्द बोललें नाहीं. तिचें अंथरूण उचलून कोठीच्या खोलींत, लाडवांच्या करंड्यांमध्यें नेऊन घातलें, आणि उंदीर येतात म्हणून दार ओढून घेतलें. मुहूर्त लागला तेव्हां ती तेथेंच होती. आजोबांना हें ठाऊक नव्हतें. आजीला ठाऊक होतें. ती गप्प राहिली. आई तेव्हां घरांतली तरुण सून; ती रात्रीं पाण्याचा तांब्या घेऊन गेली, तेव्हां आत्या म्हणाली, "वहिनी, येथें झोंप छान लागते; लाडवांचा वास येतो."

या वेळच्या यादींत दादांनीं आत्यासाठीं हॉटेलची तळमजल्यावरची उत्तम खोली लिहिली होती. आमच्या वहिनी ती यादी वाचीत होत्या, त्या म्हणाल्या, "भाऊजी, खोली उत्तम आहे, पण कोठें राहावयाचें तें आत्याबाईंना एकदां विचारा तरी. त्यांना तें कोणी कधीं विचारलेलें नाहीं." आम्हीं फोन लावला.

"आत्या, लग्नाला चार दिवस आधीं ये. राहावयास ये. जागा तूं म्हणशील ती."

पलीकडे थोडा वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग ती हंसून म्हणाली, "कोठी आहे का रे तुमच्या त्या इमारतींत?"

"नाहीं. कोठी बांधलीच नाहीं."

"मग मनूच्या खोलींत निजेन. आदल्या रात्रींसुद्धां. तिला आणि तुझ्या वहिनीला विचार, आणि मग मला सांग. घाई नाहीं."

मनू म्हणजे आमची नवरी मुलगी. तिला विचारण्यास आम्हांस दोन मिनिटें लागलीं. तिच्या मैत्रिणींनीं आपली निजण्याची जागा स्वतःहून दिवाणखान्यांत हलविली. परंतु ही बातमी नातलगांत पसरावयाची ती पसरलीच, आणि एका वृद्ध गृहस्थांचा फोन आला, कीं काळ बदलला हें खरें, तरी आदल्या रात्रीं नवरीच्या खोलींत असावें कोणी, याचा जरा विचार करावा. फोन वहिनींनीं घेतला होता. त्या शांतपणें म्हणाल्या, "विचार सत्तावन्न वर्षें झाला आहे. आतां अंथरूण घालणार आहों." दादांना मात्र मनांत चुटपुट होती, त्यांनीं उपाध्यांना आडून विचारलें. उपाध्ये तरुण आहेत. त्यांनीं पंचांग मिटलें आणि सांगितलें, कोणी कोठें निजावें याचा मुहूर्त आपण काढीत नाहीं.

आत्या चार दिवस आधीं आली. पनवेलपर्यंत आगगाडीनें, तेथून आमचा पुतण्या तिला मोटारीनें घेऊन आला. बरोबर एक पिशवी कपड्यांची आणि एक फणसाच्या साटांची. तिनें कामाला हात लावूं नये असें आम्हीं सुचविलें, तेव्हां आम्हांस चौथीच्या वर्गांतल्या मुलाप्रमाणें गप्प बसविण्यांत आलें, आणि हळकुंडांपासून सामानाच्या चिठ्ठ्यांपर्यंत सर्व यादी तिच्या हातीं गेली. आमच्या यादींत तिनें दोन चुका काढल्या. बेळगांवच्या एका जोडप्याचें गेल्या वर्षापासून पटत नाहीं, त्यांना समोरासमोरच्या खोल्या द्याव्यात, हें आम्हांस कोठून कळणार?

आदल्या रात्रीं सीमांतपूजन आटोपून मंडळी घरीं परतावयास साडेअकरा झाले. मनूच्या खोलींतला दिवा त्यानंतरही बराच वेळ चालू होता. आंत काय बोलणें झालें तें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि आम्हीं विचारलेलेंही नाहीं. सकाळीं नागपूरच्या विहीणबाई मुलीची ओटी भरावयास घरीं आल्या. दार आत्यानें उघडलें. विहीणबाईंनीं वांकून नमस्कार केला आणि विचारलें, "आपण आजी का?" "आत्याआजी," ती म्हणाली, "या. चहा तयार आहे."

मंगलाष्टकांच्या वेळीं ती पहिल्या रांगेंत खुर्चीवर बसली होती. अक्षता तिनें नेम धरून टाकल्या. बऱ्याचशा दादांच्या पगडीवर पडल्या.

पुढचें सांगण्यासारखें थोडें आहे. सायंकाळपर्यंत वऱ्हाड निघालें. गाद्यावाला दुसऱ्या दिवशीं आला, त्याच्या चाळीस गाद्या बरोबर भरल्या. उशा मात्र दोन अधिक निघाल्या, आणि त्या आमच्या नव्हेत, त्याच्याही नव्हेत. हॉटेलांतून एक चष्मा, एक सोवळ्याचें रेशमी धोतर आणि दातांची एक कवळी परत आली. कवळीचा धनी कळण्यास व्हॉट्सअ‍ॅपच्या घरगुती गटावर तीन दिवस फार नाजूक भाषेंत पत्रव्यवहार करावा लागला. अमेरिकेची मंडळी त्यानंतर चार दिवसांनीं गेलीं.

आत्याच्या परतीच्या तिकिटाचें पाहावें म्हणून आम्ही तिच्याकडे गेलों, तेव्हां ती मनूच्या रिकाम्या खोलींत पलंगावर बसून त्या दोन उशांना नवे अभ्रे घालीत होती. तिकीट काढलेलें नाहीं, असें तिनें सांगितलें. साठ दिवसांच्या आंतलें कोणतेंही काढ.